वाचक विचारतात: समुद्र उकरणाऱ्या कंपन्या समुद्र वाचवायच्या बैठकीत काय करतात?

मागच्या अंकात फ्रान्समधल्या नीसच्या महासागर परिषदेबद्दल (जून २०२५) लिहिलं होतं. त्यात एक ओळ अशी होती की बंदरं, ब्रेकवॉटर (लाटा अडवायला समुद्रात घातलेले बांध), भराव, गाळ उपसणं अशी कामं करणाऱ्या किनारा अभियांत्रिकीतल्या कंपन्या आणि त्यांच्या संघटना आता समुद्र संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय चर्चांमध्ये बसायला लागल्यात. त्या एका ओळीवर पत्रांचा ढीग आला, बहुतेक किनाऱ्यावरून, काही परदेशातून. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही म्हणून त्यातली सहा निवडली आणि जिथे विषय मोठा आहे तिथे हात आखडता घेतला नाही.

प्रश्न: सर, आमच्या समोरच्या समुद्रात वाढवण बंदर होतंय. इथे प्रत्येक घरात त्यावर चर्चा चालते. तुमचा लेख वाचून एकच प्रश्न पडला, ज्यांची जहाजं समुद्राचा तळ खरवडतात त्यांना समुद्र वाचवायच्या बैठकीत खुर्ची कोण देतं आणि कशासाठी?
(निवृत्त शिक्षक, चिंचणी)

गुरुजी, आधी खुर्ची कोण देतं ते सांगतो कारण सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो. या बैठका एकाच प्रकारच्या नसतात. संयुक्त राष्ट्रांची महासागर परिषद, म्हणजे २०१७ ची न्यूयॉर्कची, २०२२ ची लिस्बनची आणि आता नीसची, ही मोठी जत्राच असते असं म्हणा ना, तिथे देश येतात, शास्त्रज्ञ येतात, संस्था येतात, आणि मान्यता घेऊन खासगी कंपन्याही येतात, स्टॉल लावतात, चर्चासत्रं घेतात, स्वतःहून वचनं नोंदवतात. न्यूयॉर्कला अशी तेराशेच्या वर वचनं नोंदली गेली होती. ही वचनं ऐच्छिक असतात, मोडली तर कोर्टात खेचता येत नाही, हे लक्षात ठेवायचं.

दुसऱ्या प्रकारच्या बैठका गाजत नाहीत पण माझ्या मते जास्त महत्त्वाच्या आहेत. उदाहरणार्थ १९७२ चा लंडन करार आणि त्याचा १९९६ चा सुधारित प्रोटोकॉल. समुद्रात काय टाकायचं आणि काय नाही याचे नियम तिथे ठरतात. आधीच्या करारात असं होतं की अमुक गोष्टी टाकू नका. १९९६ साली ते उलटं केलं, आता काहीच टाकायचं नाही, फक्त यादीत दिलेल्या थोड्या गोष्टी परवानगी घेऊन टाकता येतील. त्या यादीत पहिलं नाव आहे उपसलेल्या गाळाचं, आणि जगभरात परवाने घेऊन समुद्रात जो माल टाकला जातो त्यात सगळ्यात मोठा वाटा या गाळाचाच असतो. मग गाळात पारा किती चालेल, कुठे टाकला तर तो जागेवर राहील आणि कुठे प्रवाहाबरोबर कालवांच्या (शिंपल्यांच्या) नाही तर कोळंबीच्या जागेवर जाऊन बसेल, हे कोणाला विचारणार? रसायनशास्त्रज्ञ अर्धं सांगेल. उरलेलं अर्धं ज्यानं आयुष्यभर गाळ उपसलाय तोच सांगू शकतो. म्हणून या कराराच्या बैठकांना बंदरांच्या जागतिक संघटनेला, जलवाहतुकीच्या बांधकामाची पियान्क नावाची जुनी संस्था आहे तिला, ड्रेजिंगवाल्यांच्या, म्हणजे गाळ उपसणाऱ्यांच्या, संघटनेला निरीक्षक म्हणून बसू देतात. त्याच रांगेत ग्रीनपीसही बसते. निरीक्षकाला बोलता येतं, कागद मांडता येतो, मत देता येत नाही. मत फक्त देशाचं.

आता कशासाठी जातात. चांगुलपणा म्हणून जाणारे आहेत, मी अशा लोकांना ओळखतो. पण कंपनी म्हणून जाण्यामागे साधा हिशोब असतो. तिथे ठरलेली भाषा पुढे बँकांच्या अटींमध्ये उतरते. जागतिक बँकेच्या गटातल्या आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळाचं जैवविविधतेबद्दलचं सहावं मानक २०१२ पासून लागू आहे, त्यात असं आहे की नाजूक अधिवासात काम करायचं असेल तर शेवटी निसर्गाची भरपाई नुकसानापेक्षा जास्त झाली पाहिजे. मोठं कर्ज अशा अटींवर मिळतं. अटी लिहिल्या जात असताना आपण खोलीत नसलो तर नंतर त्या पाळायला मात्र आपल्यालाच लागतात, हे कंपन्यांना कळतं. मला यात काही वाईट दिसत नाही, उलट खोलीबाहेर ठेवलं तर त्या अटी कागदावरच राहतील.

पण गुरुजी, बैठकीत काय बोलले यावर मी कंपनी तोलत नाही. करारात काय लिहिलंय ते बघतो. याचं सगळ्यात चांगलं उदाहरण डेन्मार्क आणि स्वीडनच्या मधल्या ओरेसुंडच्या पुलाचं आहे, १९९५ ते २००० मध्ये झालेलं काम. त्या सामुद्रधुनीतून खारं पाणी बाल्टिक समुद्रात जातं, ते कमी झालं तर तिथल्या कॉड माशाची अंडी तगत नाहीत. म्हणून दोन्ही देशांनी अटच घातली की पूल, बोगदा आणि कृत्रिम बेट झाल्यावर बाल्टिककडे जाणारा प्रवाह होता तेवढाच राहिला पाहिजे, म्हणजे बांधकामानं जेवढा अडथळा येईल तेवढा तळ खोदून वाट मोकळी करून द्यायची. खोदाई सुमारे ७० लाख घनमीटर. आणि दुसरी अट, खोदताना जो गाळ पाण्यात उधळतो तो एकूण खोदाईच्या सरासरी ५ टक्क्यांच्या आत राहिला पाहिजे. शिवाय समुद्रगवताचा आणि पक्ष्यांचा हंगाम बघून ठराविक काळात ठराविक जागी मर्यादा आणखी कडक. बोटी सतत पाणी मोजत फिरत होत्या, आकडा चढला की काम हळू करायचं किंवा दुसरीकडे हलवायचं. उपसलेला माल फेकून न देता त्यातूनच पेबरहोम नावाचं बेट केलं, त्यावर आता झाडं आणि पक्षी आपोआप आलेत, लोकांना तिथे मुद्दाम जाऊ देत नाहीत. हे सगळं जमलं कारण ५ टक्के हा आकडा करारात होता. भाषणात नव्हता.

वाढवणचे आकडे तुम्हाला माहीतच असतील तरी इतर वाचकांसाठी सांगतो, भराव १,४४८ हेक्टर, ब्रेकवॉटर दहा किलोमीटरच्या थोडं वर, खर्च ७६ हजार कोटींच्या पुढे, आणि भरावाला लागणारी सुमारे २० कोटी घनमीटर वाळू दमणसमोरच्या समुद्रतळातून. म्हणजे ओरेसुंडच्या खोदाईच्या जवळपास तीसपट माल हलणार. एवढं मोठं काम जगातल्या कुठल्याही कंपनीनं केलं तरी माझा प्रश्न तोच राहील: पाणी किती गढूळ झालं की काम थांबणार, ते कोण मोजणार, आणि तो रोजचा आकडा घोळ, बोंबील, पापलेट पकडणाऱ्या माणसाला त्याच दिवशी मोबाईलवर दिसणार का? पर्यावरण मंजुरी मिळालेल्या प्रकल्पाला दर सहा महिन्यांनी, १ जून आणि १ डिसेंबरला, अटी पाळल्याचा अहवाल द्यावा लागतो आणि तो सगळ्यांना बघता आला पाहिजे, हे पर्यावरण मंजुरीच्या २००६ च्या अधिसूचनेतच आहे. गावातल्या तरुण पोरांना बसवून तो अहवाल दर वेळी उतरवून ठेवायला सांगा, मंजुरीपत्रातली अट एका बाजूला आणि अहवालातलं उत्तर दुसऱ्या बाजूला असं वहीत मांडा. तुम्ही शिक्षक आहात, हे तुमच्याइतकं नीट कोणी करून घेणार नाही.

प्रश्न: सर मी सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सेमिनारसाठी सँड मोटर हा विषय घेतलाय. सगळ्या परदेशी परिषदांमध्ये याचंच नाव येतं. आपल्याकडे रत्नागिरीच्या मिऱ्यासारख्या ठिकाणी दगड आणि टेट्रापॉड (चार पायांचे काँक्रीटचे ठोकळे) टाकण्याऐवजी हे का करत नाहीत?
(विद्यार्थिनी, रत्नागिरी)

विषय मस्त घेतलास. नेदरलँड्समध्ये हेगच्या दक्षिणेला, तेर हेइडे गावाजवळ २०११ साली २ कोटी १५ लाख घनमीटर वाळू एकाच वेळी किनाऱ्याला लावून टाकली, १२८ हेक्टरचा आकडीसारखा भूभाग तयार झाला, तीच सँड मोटर. कल्पना अशी की दर चार-पाच वर्षांनी थोडी थोडी वाळू टाकून दर वेळी तळातले जीव गाडण्यापेक्षा एकदाच भरपूर टाकायची आणि पुढची वीसेक वर्षं लाटा, वारा, प्रवाह यांनीच ती दोन्ही बाजूंना पसरवायची. डेल्फ्ट विद्यापीठाचे प्राध्यापक मार्सेल स्टिव्ह यांची ही कल्पना, आणि प्रत्यक्ष काम व्हॅन ओर्ड आणि बोस्कालिस या दोन डच ड्रेजिंग कंपन्यांनी मिळून केलं. नंतर २०१९ मध्ये इंग्लंडमध्ये बॅक्टनला याच धर्तीवर १८ लाख घनमीटर वाळू टाकली, तिथे एक गॅस टर्मिनल आणि दोन गावं वाचवायची होती.

आता कोकणात का नाही. तू नकाशा उघड आणि दोन्ही किनारे शेजारी शेजारी ठेवून बघ. डच किनारा म्हणजे लांबच लांब सरळ वाळू, टाकलेली वाळू किनाऱ्याच्या कडेकडेनं सरकत पुढच्या गावाला पोचते. आपल्याकडे डोंगराचं टोक, मग छोटी पुळण, मग खाडी, मग परत टोक. आपल्या पुळणीतली वाळू मुख्यतः आत-बाहेर करते, पावसाळ्यात उधाणाच्या लाटा तिला ओढून थोड्या खोल पाण्यात नेऊन ठेवतात आणि दिवाळीनंतर शांत लाटा तिला हळूहळू परत आणतात. म्हणजे मोठा ढीग टाकून तो शेजाऱ्याला वाटला जाईल ही अपेक्षाच इथे फारशी लागू पडत नाही. आणि वाळू आणणार कुठून? डच लोक उत्तर समुद्राच्या तळातून, २० मीटरपेक्षा जास्त खोलीवरून आणतात, त्यांच्याकडे ती अमाप आहे, वर्षाला सुमारे १ कोटी २० लाख घनमीटर ते किनाऱ्याला घालतात. आपल्याकडे किनाऱ्यापासून थोडं पुढे गेलं की बऱ्याच ठिकाणी चिखल लागतो.

पण म्हणून दगडच टाकायचे असं नाही हं. पुळणीच्या वरच्या अंगाला उभी भिंत घातली की पावसाळ्यातली लाट तिच्यावर आपटून पायथ्याची वाळू आणखी ओढते आणि दिवाळीनंतर जी परत यायची ती यायला जागाच राहत नाही, हे तू मिऱ्याला नाही तर कुठल्याही धूपप्रतिबंधक बंधाऱ्यापाशी स्वतः जाऊन बघ, मे महिन्यात एकदा आणि सप्टेंबरमध्ये एकदा, त्याच जागेवरून फोटो काढ. तुझ्या सेमिनारला परदेशी स्लाइडपेक्षा ते दोन फोटो जास्त उपयोगी पडतील. शिवाय पुण्याजवळ खडकवासल्याला केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे, १९१६ पासूनचं, तिथे बंदरांची आणि लाटांची खरीखुरी छोटी मॉडेलं पाण्यात बांधून तपासतात. कॉलेजतर्फे पत्र देऊन भेट मागा. एकदा लाट ब्रेकवॉटरच्या टोकाला वळसा घालून आत कशी शिरते ते डोळ्यांनी बघितलं की पुस्तकातली अर्धी समीकरणं सोपी होतात.

प्रश्न: खोल समुद्राचा नवा जागतिक करार लागू झाला असं वाचलं. मग आता किनाऱ्यावरच्या भरावांना चाप बसेल ना?
(वाचक, अलिबाग)

नाही. तो करार १७ जानेवारी २०२६ पासून लागू झाला, भारतानं सप्टेंबर २०२४ मध्ये त्यावर सही केली आहे, पण तो कुठल्याच देशाच्या हद्दीत नसलेल्या समुद्रासाठी आहे, म्हणजे साधारण किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांच्या पलीकडे. तुमच्यासमोरचा भराव, खारफुटी, खाडी हे सगळं आपल्याच कायद्यात येतं, सीआरझेड (किनारपट्टीवरच्या बांधकामाचे नियम) आणि पर्यावरण मंजुरीत. तिथली लढाई इथेच लढायची आहे.

प्रश्न: नमस्कार. मी रॉटरडॅमजवळ एका इंजिनिअरिंग कंपनीत आहे, आमचं काम किनारा संरक्षणाचं. आमची टीम अशा परिषदांना जाते, प्रेझेंटेशन देते, आणि खरंच मनापासून काम करते. पण इकडचे पर्यावरणवाले आणि तिकडचे माझे मित्रमैत्रिणी दोघंही म्हणतात की हे सगळं हिरवा रंग फासणं आहे. वाईट वाटतं. काय करावं?
(वाचक, नेदरलँड्स)

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. मनापासून काम करणाऱ्या माणसाला असं ऐकून घेणं सोपं नसतं. पण लोक असं का म्हणतात ते समजून घेतलं तर राग कमी होईल असं वाटतं.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमानं २०२३ मध्ये एक अंदाज काढला, की जगभरातल्या समुद्रातून वर्षाला ४ ते ८ अब्ज टन वाळू आणि इतर गाळ उपसला जातो. तो काढला कसा, तर जहाजं आपली जागा सांगणारे जे सिग्नल पाठवतात त्यावरून ड्रेजर कुठे किती वेळ फिरतोय ते ओळखून. म्हणजे एवढ्या प्रचंड मालाची जगात एक वही नाही, बाहेरच्या माणसाला जहाजाचा माग काढून हिशोब मांडावा लागतो. जो धंदा स्वतःचा हिशोब सगळ्यांसमोर ठेवत नाही त्याच्या सुंदर स्लाइडवर लोक विश्वास ठेवायला कचरणारच.

दुसरं, एकाच कंपनीची दोन ठिकाणची दोन रूपं लोक बघतात. बोस्कालिस सँड मोटर करते, चांगली करते. त्याच कंपनीचं जहाज २०२० मध्ये इंडोनेशियात मकास्सरच्या नव्या बंदरासाठी वाळू उपसत होतं तेव्हा कोडिंगारेंग बेटावरच्या मच्छिमारांनी छोट्या होड्या घेऊन विरोध केला. त्यांचं म्हणणं होतं की जिथे ते टेंगिरी पकडतात, आपल्या सुरमईच्या कुळातला मासा, तिथलंच पाणी गढूळ झालं आणि तळ खोल होऊन लाटा मोठ्या झाल्या. परवानगी तिथल्या सरकारची होती, कंपनीनं ठरलेल्या जागेत काम केलं असं कागद म्हणतील. पण मच्छिमार कागद वाचून मासे पकडत नाही. हेग समोर जो मापदंड लावता तो मकास्सरसमोर लावता का, एवढाच लोकांचा सवाल आहे आणि तो रास्त आहे.

तुम्ही काय करू शकता ते विचारलंत. जावाच्या उत्तर किनाऱ्यावरचं डेमाकचं काम तुम्हाला नक्की माहीत असेल. तिथे कोळंबीच्या तळ्यांसाठी खारफुटी तोडली गेली आणि समुद्र आत आला. डच कंपन्या, संशोधन संस्था आणि पाणथळ जागांसाठी काम करणारी वेटलँड्स इंटरनॅशनल यांनी २०१५ पासून गावकऱ्यांना बरोबर घेऊन बांबू आणि काटक्यांचे झिरपणारे बांध घातले, लाट मोडेल पण गाळ आत येऊन बसेल आणि त्यावर खारफुटी आपोआप रुजेल अशा बेताचे. सुरुवातीला गाळ बसला, रोपं आली. मग बांबूला समुद्री किडा लागला, आणि शेजारच्या सेमारंग शहरात भूजल इतकं उपसलं जातंय की जमीनच वर्षाला काही सेंटिमीटर खाली चाललीय, त्यामुळे मिळवलेलं बरंच परत पाण्याखाली गेलं. मला सगळ्यात चांगलं काय वाटलं तर या लोकांनी हे लपवलं नाही. किती जागेत जमलं नाही, का जमलं नाही, भूजलाचा प्रश्न आधीच कसा धरायला हवा होता हे त्यांनी लिहून काढलं, त्यामुळे आता दुसऱ्या देशातला इंजिनिअर बांबू मोजायच्या आधी बोअरवेल मोजेल. पुढच्या परिषदेत तुमच्या टीमला सांगा की एक स्लाइड जमलेल्या कामाची तर एक न जमलेल्या कामाची. आणि कंपनीत विचारा की आपल्या जहाजांनी गेल्या वर्षी कुठून किती वाळू काढली हे आपण वेबसाइटवर का टाकत नाही. तुम्ही आत आहात म्हणून हा प्रश्न विचारू शकता, बाहेरच्यानं विचारला तर रिसेप्शनवरूनच परत पाठवतील.

प्रश्न: आमच्या कोळीवाड्यात पेपरमध्ये आलेलं वाचून दाखवलं, की समुद्राच्या सभेला कंपनीवाले जातात. आमचं कोण जातं? आम्हाला इंग्लिश येत नाही म्हणून आमचं कोणी ऐकायचंच नाही का?
(मासे विकणाऱ्या एक मावशी, वर्सोवा)

मावशी, ऐकायलाच पाहिजे, आणि तुमची माणसं तिथे पोचलीत सुद्धा. २१ नोव्हेंबर १९९७ ला जगभरच्या छोट्या मच्छिमारांची पहिली मोठी संघटना दिल्लीतच स्थापन झाली, म्हणून तो दिवस आपण जागतिक मच्छिमार दिन म्हणून पाळतो. २०१४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न संघटनेत छोट्या मच्छिमारांसाठी मार्गदर्शक तत्त्वं मंजूर झाली, त्यासाठी आपल्या देशातल्या मच्छिमार संघटनांनी वर्षानुवर्षं काम केलं. २०२२ ला लिस्बनच्या परिषदेत आफ्रिका, लॅटिन अमेरिका, आशियातले छोटे मच्छिमार आले आणि एकत्र मागणीपत्र दिलं, त्यात बायकांच्या कामाला मान्यता द्या हेही होतं, कारण पकडणारा पुरुष दिसतो पण सुकवणारी, विकणारी, उधारी सांभाळणारी बाई कुठल्याच खात्यात दिसत नाही.

पण हे खरंय की कंपनीचा माणूस दर बैठकीला जातो, त्याचा पगार त्यासाठीच असतो, आणि तुमच्या माणसाला तीन दिवस सभेला जायचं तर तीन दिवसांचा धंदा बुडतो. ही विषमता नियम बदलूनच कमी होईल, तिकीट आणि रोजी दोन्ही मिळाली पाहिजे आणि शेजारी दुभाषा बसला पाहिजे. हे मी लिहीत राहीन.

आणि तुमच्या माणसांना इंजिनिअरिंग कळत नाही असं कोणी म्हटलं तर त्याला वरळीची गोष्ट सांगा. कोस्टल रोडला क्लीव्हलँड बंदराच्या तोंडाशी पुलाच्या दोन खांबांत ६० मीटर अंतर ठेवलं होतं. तज्ज्ञांचे रिपोर्ट म्हणत होते बोटीला पुरेसं आहे. वरळीचे कोळी म्हणाले पावसाळी वाऱ्यात, भरतीच्या ओढीत, दोन बोटी समोरासमोर आल्या तर नाही पुरत, १६० मीटर द्या. वर्षाच्या वर काम अडवून बसले, समुद्रात बोटी उभ्या करून. शेवटी डिसेंबर २०२२ मध्ये एक खांब काढून १२० मीटरवर तडजोड झाली. जो बोट हाकतो त्यालाच वाऱ्याची ओढ माहीत असते आणि ही माहिती कुठल्याच मॉडेलमध्ये आपोआप येत नाही. पहिल्याच मिटिंगला बोलावलं असतं तर तो खांब कागदावरच पुसता आला असता, खर्चही वाचला असता आणि तुमच्या लोकांचे बुडालेले दिवसही.

एक हक्क लक्षात ठेवा, मोठ्या प्रकल्पाच्या जनसुनावणीआधी पर्यावरण अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत, म्हणजे मराठीत देणं बंधनकारक आहे. कलेक्टर ऑफिसात, नगरपालिकेत, प्रदूषण नियंत्रण मंडळात तो ठेवावा लागतो. तुमच्या सोसायटीच्या नावानं लेखी मागा, तोंडी नको. मिळाला की सगळ्यात आधी बघा मासे सुकवायच्या जागा, बोटीची वाट आणि जाळी लावायच्या जागा नकाशावर दाखवल्यात का. नसतील तर सुनावणीत तेच एक वाक्य बोला आणि ते लिहून घ्यायला लावा.

प्रश्न: गाळ उपसणाऱ्या कंपन्या आता खोल समुद्रातल्या खाणकामात पण उतरल्यात असं ऐकलं. हे खरं आहे का? आणि आपल्या गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचा यात काय संबंध?
(वाचक, पणजी)

खरं आहे. बेल्जियमची डीम ही मोठी ड्रेजिंग कंपनी, तिची जीएसआर नावाची उपकंपनी २०१३ पासून पॅसिफिकमधल्या क्लॅरियन क्लिपर्टन पट्ट्यात शोधकामाचा करार धरून आहे. तिथे साडेचार किलोमीटर खोल तळावर बटाट्याएवढे धातूचे गोळे पडलेत, मँगनीज, निकेल, कोबाल्ट, तांबं असलेले. एप्रिल २०२१ मध्ये त्यांचं पाटानिया २ नावाचं २५ टनी यंत्र चाचणीत केबलपासून सुटून तळावरच अडकलं होतं, काही दिवसांनी परत जोडून वर काढलं.

गोव्याचा संबंध जुना आणि अभिमानाचा आहे. २६ जानेवारी १९८१ ला संस्थेच्या गवेषणी जहाजानं भारतासाठी हिंद महासागराच्या तळातून असेच गोळे पहिल्यांदा वर आणले, त्या कामाच्या जोरावर १९८७ मध्ये भारताला अग्रणी गुंतवणूकदार म्हणून मान्यता मिळाली आणि आज मध्य हिंद महासागरात ७५,००० चौरस किलोमीटरचं क्षेत्र आपल्याकडे शोधासाठी आहे. संस्थेनं पुढे तळ मुद्दाम ढवळून तिथले जीव किती वर्षांत परत येतात याचाही अभ्यास केला, आणि मला ते काम गोळे शोधण्याइतकंच मोलाचं वाटतं.

नियम ठरतात जमैकात किंग्स्टनला, आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणात. इथे कंपन्यांच्या सहभागाबद्दल माझं मत पहिल्या पत्रातल्यापेक्षा वेगळं आहे. लंडन करारात ड्रेजिंगवाले निरीक्षकाच्या खुर्चीत, पाटी लावून बसतात. किंग्स्टनला फेब्रुवारी २०१९ मध्ये डीपग्रीन या खाण कंपनीचे प्रमुख जेरार्ड बॅरन पॅसिफिकमधल्या नाउरू या छोट्या देशाच्या खुर्चीवरून बोलले. नियमात बसत असेल, पण ज्याला परवाना हवाय तो परवाना देणाऱ्या सभेत देश म्हणून बोलतो तेव्हा ऐकणाऱ्याला कळायला हवं की हा आवाज देशाचा की भागधारकांचा, आणि ते कळत नाही. शिवाय किनाऱ्याजवळचा गाळ उपसला तर तिथले जीव काही वर्षांत परत येतात, बहुतेक ठिकाणी. त्या खोलीवर तर एक गोळा वाढायला लाखो वर्षं लागतात आणि काही जीव त्या गोळ्यावरच चिकटून जगतात, गोळा उचलला की त्यांचं घर कायमचं गेलं. म्हणून तीसपेक्षा जास्त देश म्हणतायत की सध्या थांबा, आणि मला ते पटतं. आपण तो अभ्यास गोव्यातून इतकी वर्षं केलाय तर त्या अभ्यासाच्या आधारानं आपला देश किंग्स्टनला काय भूमिका मांडतो हे तुम्ही तुमच्या खासदारांना पत्र लिहून विचारा, उत्तर आलं तर आम्हाला पाठवा, पुढच्या अंकात छापू.